फळीपर्यंत बूट हातात

नाचताना हसायचं नसतं असा एक नाच जगात आहे, हे मला चाळिशीत कळलं. तोपर्यंत मी समजायचे की बाई नाचायला उभी राहिली की तिने दात दाखवायचेच. लग्नातल्या संगीतापासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत सगळीकडे तेच. मग करोनात सगळे घरात कोंडलेले असतानाच्या त्या दिवसांत मोबाईलवर एक बाई दिसली. काळे कपडे, अंगाने भरलेली, साठीच्या पुढची. लाकडी फळीवर उभी, पायांत खिळे ठोकलेले बूट, आणि चेहरा असा की समोरच्याने तिचं काहीतरी चोरलंय आणि तिला ते माहीत आहे. ती पाय आपटत होती. रागाने. मागे एक जण गिटार वाजवत होता, दोघं टाळ्यांचा ताल देत होते, आणि मधूनच कोणीतरी "ओले!" म्हणून ओरडत होतं, आपल्याकडे "क्या बात है" म्हणतात तसं. तो व्हिडिओ संपेपर्यंत माझं दूध उतू गेलेलं.

त्याला फ्लामेंको म्हणतात, स्पेनमधला नाच, हे मग शोधून काढलं. मी कल्याणला एका विमा कंपनीत अधिकारी आहे. दिवसभर लोकांचे क्लेम नाकारायचे, त्यामुळे चेहरा तसाही फारसा हसरा राहिलेला नाही. मला वाटलं, हा नाच माझ्याचसाठी काढलाय. विठ्ठलवाडीला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे प्लायवूडची एक फळी नेऊन टाकली. स्टेशनजवळच्या मोच्याकडून जुन्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकून घेतले. तो म्हणाला, "मॅडम, घरी घोडा आहे का?" म्हटलं, मीच आहे. आणि मोबाईल टाकीला टेकवून शिकायला लागले. आईला सांगितलेलं की डॉक्टरने चालायला सांगितलंय.

आईला खरं सांगायची सोय नव्हती. आमच्या घरात नाचायचं नाही. याला नियम म्हणणंही कमी आहे, घराचा पायाच तो.

माझ्या आईची मावशी तमाशाच्या फडात नाचायची. हौस म्हणून नाही. गावाने आमच्या लोकांच्या वाट्याला जी कामं टाकलेली, त्यातलंच तेही एक. मेलेली ढोरं ओढा, मयताचे सांगावे पोचवा, आणि जत्रा आली की पाटलाच्या दारात नाचा. आई लहान असताना तिने पाहिलेलं, नाचून झाल्यावर मावशी वरच्या आळीतून परत येताना. लोकांनी तिला नुकत्याच टाळ्या दिलेल्या, पैसे उडवलेले, शिट्ट्या मारलेल्या. आणि ती वहाणा हातात धरून चाललेली, कारण त्या आळीतून आमच्या माणसाने पायात वहाण घालून जायचं नसे. पुढे गावातल्या आमच्या सगळ्यांनी बौद्ध धम्म घेतला आणि ही सगळी कामं एका दमात सोडली. मावशीने पायातले चाळ नदीत टाकले. आई शिकली, मास्तरीण झाली, कल्याणच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाली. तिचं एकच म्हणणं, "आपण नाचणं सोडलं तेव्हा माणसांत आलो."

चौथीत असताना गॅदरिंगच्या कोळी डान्समध्ये माझं नाव आलेलं. टोपली घेऊन मागच्या रांगेत उभी राहणार होते, बाकी काही नाही. आईला कळलं तशी ती मधल्या सुट्टीत आली, सगळ्यांच्या देखत माझा हात धरला आणि मला रांगेतून बाहेर काढलं. बाईंना म्हणाली, "वक्तृत्वात घाला हिला." त्या वर्षी मी वक्तृत्वात पहिली आले आणि बक्षिसाचं पेन गटारात फेकून दिलं. आजही कोळीगीत लागलं की मी हातातलं काम सोडून ऐकत उभी राहते. राग म्हणा, नाहीतर भूक म्हणा.

गाण्यांचे शब्द कळावेत म्हणून मी डोंबिवलीत स्पॅनिशची शिकवणी घेणाऱ्या एका बाईकडे जायला लागले. माझ्याच वयाची, बोलकी, आणि दोन महिन्यांत अगं-तुगंवर आलेली. शनिवारी तिच्याकडे शिकवणी, मग तिच्या हातची थालीपीठं. मैत्रीण मिळाली होती मला, आणि ह्या वयात मैत्रीण मिळणं म्हणजे साधी गोष्ट नाही. एकदा तिने एका जुन्या गाण्याचा अर्थ सांगितला, कुठल्याशा बाईच्या मेलेल्या आईबद्दलचं होतं, आणि माझ्या तोंडून मावशीची गोष्ट गेली. चाळ, वहाणा, सगळं. ती ढसाढसा रडली. मला त्या वेळी फार बरं वाटलेलं. दुसऱ्याच्या गोष्टीवर इतक्या पटकन रडणारी माणसं ती गोष्ट पोटात ठेवू शकत नाहीत, ही अक्कल मला नंतर आली.

मंडळ काढायची कल्पना तिचीच. तिच्या ओळखीच्या एक डेंटिस्ट होत्या नौपाड्यात, लहानपणी कथक शिकलेल्या, आणि नवऱ्याबरोबर युरोपच्या टूरवर जाऊन एका संध्याकाळी फ्लामेंको बघून आलेल्या. दवाखाना खाली, वर मोकळा हॉल. नवऱ्याचा कोलशेतला कारखाना, तिथून पॅकिंगच्या लाकडाची जाड फळी बनवून आली. गिटारला डोंबिवलीचा एक आयटीवाला मिळाला. डेंटिस्टबाईंच्या ओळखीच्या आठ-दहा बायका आल्या. आणि सर आले. हे सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठलाही कार्यक्रम असो, माइक त्यांच्याच हातात. दिवाळी पहाट असो की शोकसभा, आवाज तोच आणि शालही तीच.

आता चार मराठी माणसं जमली तर ती लगेच नाचतील का? कप्पाळ! आधी कार्यकारिणी. डेंटिस्टबाई अध्यक्ष, सर उपाध्यक्ष, मग सचिव, मग सहसचिव, मग सल्लागार. मंडळाच्या नावावरून तीन बैठका झाल्या आणि प्रत्येक बैठकीला साबुदाण्याची खिचडी झाली. मी आणि माझी मैत्रीण साध्या सदस्य. फ्लामेंकोची पावलं येत होती ती अख्ख्या मंडळात एकट्या मला, पण ते कुठल्याच पदात बसत नव्हतं. मग दर रविवारी सकाळी मी त्यांना शिकवायला लागले, आणि खरं सांगते, मजा आली. कथकवाल्या बायकांना समेची सवय, त्या बिचाऱ्या पहिल्या मात्रेवर येऊन आदळायच्या. इथे बारा मात्रांत वजन पडतं ते बाराव्या मात्रेवर. "अगं, थांब, बारा येऊ दे," असं ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. त्या हसायच्या, मीही हसायचे. त्या रविवारांसाठी मी सोमवार ते शनिवार काढायचे.

पहिल्या वार्षिक कार्यक्रमाचं ठरलं तेव्हा सरांनी आम्हाला व्याख्यान दिलं. फ्लामेंको कुठून आला, तर तिथल्या भटक्या लोकांकडून. गावाबाहेर ठेवलेले, कोणी जवळ न करणारे. "हा उपेक्षितांचा हुंकार आहे," सर म्हणाले. हुंकार म्हणताना त्यांनी डोळे मिटले, आणि बाकी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं नाही की कोणी माझी जात विचारली होती. छे, असं कोणी विचारत नाही हल्ली. आडनाव विचारतात, आणि मग "अच्छा, अच्छा" म्हणतात.

त्या दिवसापासून त्यांना माझ्याकडून वेदना पाहिजे झाली. मी पाऊल दाखवायला उभी राहिले की अध्यक्षबाई म्हणायच्या, "तुझ्या चेहऱ्यावर ते आपोआप येतं गं. आम्हाला नाही येत. आमची आयुष्यं कशी सरळ गेली." एकीने विचारलं, "तुमच्याकडे असतील ना अशी जुनी गाणी, दुःखाची?" म्हटलं, आमच्या घरी बाबा रविवारी मटण आणायचे आणि रेडिओवर क्रिकेट ऐकायचे. अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन होते माझे बाबा, दुःखाची गाणी म्हणायला त्यांना वेळ नव्हता. मला वेदना होती ती एकच, टाचेची. खिळ्यांचे बूट आपटून आपटून उजवी टाच कायमची दुखायची, सकाळी उठल्यावर जमिनीवर टेकवत नसे. तेही सांगून पाहिलं. "माझी टाच दुखते हो, बाकी काही नाही." त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

पण एकल नृत्य मलाच दिलं. वेदनेसाठी का होईना, दिलं. आणि तेव्हा मी ठरवलं की आता आईला दाखवायचं. एकदाच. चौथीत अर्धवट राहिलेलं ते एकदा पुरं करायचं, तिच्याच समोर, तिच्या संमतीने. बाकी मला ना टाळ्या हव्या होत्या ना पेपरात फोटो. तिने खुर्चीत बसून मला नाचताना बघावं, एवढंच.

मी बूट घेऊन तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं, गच्चीपासून. तिने बूट हातात घेतला, उलटा केला, खिळ्यांवरून बोट फिरवलं.

"हे घालून?"

"हो. बूट घालूनच नाचतात, आई. अनवाणी केलं तर तो हा नाचच नाही."

"स्टेजवर? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"पैसे उडवतात?"

"नाही गं."

"हसावं लागतं?"

"हसायचं नसतंच."

तिने बूट परत माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "येते."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून.

कार्यक्रम नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात होता. आदल्या रविवारी तिथे रंगीत तालीम. स्टेजच्या कोपऱ्यात नटराजाची मूर्ती, तिच्यापुढे समई, मधोमध आमची कोलशेतची फळी. आणि तिथे सहसचिवबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "अय्या, पण रंगमंचावर चपला-बूट कसे चालतील?" खरंच की! आपल्याकडे रंगमंचाला पाय लावायच्या आधी हात लावून नमस्कार करतात, आणि इथे नटराजासमोर बूट? अर्धा तास खल झाला. बूट काढले तर फ्लामेंको नाही, आणि घातले तर पावित्र्य नाही. शेवटी सरांनीच तोडगा काढला. फळी ही काही रंगमंच नव्हे, ती वेगळी वस्तू. तेव्हा प्रत्येकीने विंगेतून अनवाणी यायचं, बूट हातात घेऊन. नटराजाला वाकायचं, फळीवर चढायचं, तिथे बूट घालायचे, नाचायचं, काढायचे, हातात घ्यायचे, परत जायचं. टाळ्या पडल्या. अशी चूक करावी ती आपल्याच माणसांनी. खिळ्यांचा नाच आणला स्पेनहून, आणि त्याला सोवळं नेसवलं.

मी म्हटलं, "मी नाही असं करणार."

"का गं?" अध्यक्षबाईंना खरंच कळलं नाही. "सगळ्यांनाच आहे नियम, तुला एकटीला थोडाच आहे?"

माझ्या मैत्रिणीकडे पाहिलं. तिला मावशीची गोष्ट माहीत होती, हातातल्या वहाणांसकट. ती पदराचा काठ नीट करत होती. मला वाटलं, ती आता बोलेल. ती म्हणाली, "अगं, पाच पावलांचा तर प्रश्न आहे."

मी गिळलं. कशासाठी गिळलं ते मला पक्कं माहीत होतं. आई येते म्हणालेली. आईला समजावेन, म्हटलं. स्टेजचा मान असतो, आई, सगळ्याच तसं करतात. स्वतःला चार वेळा हे वाक्य म्हणून दाखवलं आणि चारही वेळा जीभ जड झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी आईने पांढरी कडक इस्त्रीची साडी नेसली, शाळेच्या तपासणीला नेसायची तशी. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर. प्रमुख पाहुणी म्हणून मुंबईत राहणारी एक स्पॅनिश नर्तकी बोलावलेली, सत्तरीची, पाठीने सरळ. तिला दीपप्रज्वलनाला स्टेजवर बोलावलं आणि ती सँडल घालून टक टक करत थेट नटराजापर्यंत गेली. कोणी हूं की चूं केलं नाही. सहसचिवबाई तर तिच्या पदराची, म्हणजे शालीची काळजी घेत मागे मागे. मी विंगेत उभी होते, हातात बूट. शेजारी उभ्या अध्यक्षबाईंना विचारलं, "आणि ह्या?"

"पाहुण्यांचं वेगळं असतं गं," त्या म्हणाल्या. "त्यांना काय माहीत आपलं?"

शाल दिली, श्रीफळ दिलं. त्या बाईला नारळाचं काय करायचं कळेना, तिने तो बाळासारखा धरला. आमच्या बायकांचं समूहनृत्य झालं. एकेक जण बूट हातात घेऊन येत होती, वाकत होती, फळीवर बसून नाड्या बांधत होती. तेवढा वेळ गिटारवाला बिचारा त्याच त्याच तारा छेडत बसायचा. प्रेक्षकांना तेही आवडलं. किती संस्कारी, असं कोणीतरी म्हणालं, मी ऐकलं. मी आईकडे बघितलं. ती त्या हातातल्या बुटांकडे बघत होती. एकेका जोडीकडे.

मग माझी पाळी आली. सरांनी घसा साफ केला.

"रसिकहो, यानंतर आपल्यासमोर येते आहे आमच्या मंडळाची अशी एक कलावती, जिला हे नृत्य शिकावं लागलंच नाही. ते तिच्या रक्तात आहे. होय, रक्तात! तिच्या आजीची सख्खी बहीण तमाशाच्या फडावर नाचत असे. पाटलाच्या दारात, पोटासाठी, अपमान गिळून. ती पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना आज नौपाड्याच्या ह्या रंगमंचावर स्पेनच्या वेदनेला भेटणार आहे."

सभागृहात "अरेरे" आणि "वा" एकदम उठलं. मला आधी कळेचना की हे माझ्याबद्दल आहे. मग मैत्रीण दिसली समोरच्या विंगेत, ती आधीच रडत होती. उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या आईची मावशी ही माझी गोष्ट होती, तिने ती थालीपिठासारखी वाटून टाकली.

सर थांबले नव्हते. "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे, ह्या कलावतीच्या मातोश्रीही आज आपल्यात आहेत. मावशी, जरा उभ्या राहता का? लोकांना दिसू द्या. जोरदार टाळ्या!"

माझी आई उभी राहिली. आयुष्यभर शाळेत काढलेली बाई, नाव पुकारलं की उभी राहणारच. दिवा तिच्यावर फिरवला कोणीतरी. पर्स दोन्ही हातांनी धरून, मान ताठ, समोर बघत ती उभी होती, आणि तीनशे-साडेतीनशे माणसं तिला टाळ्या वाजवत होती, तिच्या मावशीसाठी. तिने हात जोडले नाहीत. हसली नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली आणि मग बसली.

मी विंगेतच खाली बसले आणि बूट घातले. नाड्या करकचून ओढल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, इथे नाही, फळीवर," आणि माझा खांदा धरला. मी त्यांचा हात काढून टाकला. बूट घालून मी स्टेजवर गेले. खिळे त्या शाळेच्या लाकडावर असे वाजले की मागच्या रांगेतली चुळबुळ थांबली. नटराजासमोरून गेले. वाकले नाही. फळीवर चढले आणि आईकडे बघून पहिली टाच मारली.

कशी नाचले ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की पहिल्यांदाच मला कोणालाही काही शिकवायचं नव्हतं. मी सरांवर पाय आपटला, मैत्रिणीवर आपटला, पाटलावर, कोळी डान्सच्या टोपलीवर, सगळ्यांवर. उजव्या टाचेतून कळ मस्तकात जात होती, म्हटलं, जा. गिटारवाला मागे पडला आणि धावत परत आला. मी जिंकत होते. मला तसं वाटत होतं, काय करू, खरंच वाटत होतं. आईला दिसतंय, म्हटलं, तिच्या लेकीने स्टेजभर बूट घालून चाललेलं तिला दिसतंय. सभागृहात कोणीतरी "ओले!" ओरडलं, मग दुसरं, मग सगळेच. शेवटची टाच मारली तेव्हा लोक उभे होते.

तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तेवढी बसलेली होती. आईचे हात पर्सवर होते.

विंगेत अध्यक्षबाईंनी मला मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आलेले. "बघ! म्हणूनच मी सरांना म्हटलं, ते सांगाच. त्याशिवाय तुझ्यातून इतकं बाहेर आलंच नसतं. बुटांचं काय ते नंतर बोलू." सर म्हणाले, "बाळा, हीच ती वेदना." मैत्रीण पुढे आली, म्हणाली, "रागावू नकोस गं, मी चांगल्यासाठीच सांगितलं." स्पॅनिश बाईही आली आत, नारळ अजून तिच्या हातातच. ती माझ्याशी काहीतरी बोलली. मैत्रिणीने नाक पुसून भाषांतर केलं, "त्या म्हणतायत, जोर फार होता, पण मधल्या भागात ताल सुटला तुझा." अख्ख्या सभागृहात खरं बोलणारी तेवढी एकच निघाली. मी मान हलवली. मग मी मैत्रिणीला म्हटलं, "आता माझ्या घरी यायचं नाही," आणि बॅग उचलली.

आई फाटकाबाहेर उभी होती, रसाच्या गाड्याच्या बाजूला. मला भेटायला ती आत आली नव्हती, येणार नव्हतीच. टॅक्सी बोलावली. कळवा गेलं, मुंब्रा गेलं, ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिला काय सांगणार होते? मी नाही सांगितलं त्यांना, मी फक्त एकीला सांगितलेलं? शिळफाट्याला ट्रकमागे अडकलो तेव्हा तीच बोलली.

"टाळ्या पडल्या तुला."

"हो."

"मावशीलाही पडायच्या." ती अजून बाहेरच बघत होती. "अशाच. उभं राहून."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी म्हटलं, "पण आई, मी बूट घालून गेले ना. त्यांनी नको म्हटलेलं, तरी घालून गेले. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

"त्यांनी त्यालाच टाळ्या दिल्या, बाई."

विठ्ठलवाडी आली. बिल्डिंगपाशी उतरले आणि उजवा पाय टेकवला तर डोळ्यांपुढे काजवे. बूट काढून बघितलं, टाच सुजून लाल झालेली, कडेने कातडं फाटलेलं, मोजा चिकटून बसलेला. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. तीन मजले. मी दोन्ही बूट काढले, हातात घेतले आणि कठड्याला धरून पहिल्या पायरीवर चढले.

आई चार पायऱ्या वर होती. ती थांबली. वळली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हाताकडे बघितलं.

"पायात घाल."

"आई, सुजलाय गं पाय. रक्त आलंय बघ."

"पायात घाल ते," ती म्हणाली. शाळेतल्या आवाजात, चौथीतल्या त्या मधल्या सुट्टीच्या आवाजात. "आज माझ्यासमोर किती बायका हातात धरून चालल्या. त्यांच्यात माझी पोरगी नको."

मी पायरीवर बसले आणि बूट घातले. डावा आधी, मग उजवा. तिने हात दिला नाही, पण नाडी बांधून होईपर्यंत थांबली. मग पुढे चढायला लागली आणि मी तिच्या मागोमाग, खिळे वाजवत, एकेका पायरीला बोंबलत.